एका तासाचे दोन भाव

व्हिएतनाममधल्या एका भाषा-केंद्राने मला पाठवलेला पगाराचा तक्ता जेमतेम अर्ध्या पानाचा होता. डावीकडे आठवड्याच्या तासिका, सकाळ-संध्याकाळच्या पाळ्या आणि घरभाड्याचा भत्ता. उजवीकडे तासाचा दर, आणि त्या दराचे दोन रकाने. पहिल्या रकान्याच्या डोक्यावर 'मूळ इंग्रजीभाषक' अशा अर्थाचे शब्द होते, दुसऱ्याच्या डोक्यावर 'इतर'. दुसऱ्यातला आकडा पहिल्याच्या निम्म्याहून थोडा वर होता. तक्ता कोणी नजरचुकीने पाठवलेला नव्हता. खाली काही शंका असल्यास जरूर विचारावे, अशी सौजन्याची ओळही होती. आर्वीच्या बसस्थानकावर पुलगावच्या गाडीची वाट पाहत, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज ऐकत मी तो मोबाइलवर उघडला आणि पहिल्यांदा झाला तो आनंद. त्या 'इतर' रकान्यातला आकडाही इथल्या माझ्या कमाईच्या कितीतरी पट होता. राग आला तो गाडी सुटल्यानंतर, विरुळच्या आसपास. प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचे काम परदेशात शोधायला लागल्यापासून मला बरेच नकार मिळाले होते आणि ते मी विसरलेही होते. हा होकार मात्र डोक्यातून जाईना.

दोन दर ही गोष्ट मला नवी नव्हती. ज्या महाविद्यालयात मी शिकवते तिथे मी तासिका तत्त्वावर, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'वर (सीएचबी) आहे. स्टाफरूममध्ये आम्हाला 'सीएचबीवाले' म्हणतात, आणि त्या शब्दात वयाचा किंवा पदवीचा काही संबंध उरत नाही. एम.ए. झाले, बी.एड. झाले, प्राध्यापकपदासाठी लागणारी सेट परीक्षाही झाली. कायम प्राध्यापक आणि मी एकाच वर्गात, त्याच मुलांना, तेच पुस्तक शिकवतो. त्यांचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपयांपासून सुरू होतो आणि त्यावर महागाई भत्ता असतो. मला घेतलेल्या तासिकेचे पैसे मिळतात, तेही बिल मंजूर होऊन आले की. दिवाळीत त्यांना सुट्टी असते आणि मला बिनपगारी पंधरवडा. उन्हाळ्यात मी कोणाचीच नसते, आणि नव्या सत्रात पुन्हा त्याच खुर्चीसाठी त्याच लोकांसमोर मुलाखत द्यायची असते, ज्यात मला माझेच नाव विचारले जाते. हे सगळे मी गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही, विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात माझ्यासारखे लोक सापडतील. सांगायचे एवढेच, की एकाच तासाचे दोन भाव असू शकतात, हे शिकण्यासाठी मला समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती.

आईला तर ते माझ्याही आधीपासून ठाऊक. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात निंदण केले, कापूस वेचला. फवारणीच्या गड्याचा रोज वेगळा आणि निंदणाच्या बाईचा वेगळा, हे आमच्याकडे इतके ठरलेले आहे की त्यावर कोणी भांडतही नाही. कापसाचे पैसे किलोवर. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली की बाया पहाटे निघत. दव पडलेला कापूस जड भरतो म्हणून काही मालक ऊन चढेपर्यंत वेचू देत नसत, आणि जड भरतो म्हणूनच बायांना तो लवकर वेचायचा असे. संध्याकाळी धुऱ्यावर काटा टांगला जाई. गाठोडे आकड्याला अडकवले की मुकादम किलोच्या वरचे ग्रॅम सोडून देई. आईच्या बोटांना बोंडाच्या टोकांनी पडलेल्या चिरा हिवाळाभर भरत नसत आणि ती भाकरी थापताना अंगठा वर धरत असे. त्या संध्याकाळी मी तिला तक्ता दाखवला, दोन्ही रकाने वाचून सांगितले. तिला वाईट वाटेल, असे मला वाटले होते. ती म्हणाली, "दोन्ही भाव लेहून देल्ले त्यायनं? आमच्या मुकादमानं त कधी तोंडानंई नाई सांगतले."

या एका वाक्यानंतर माझा राग काही काळ निराधार झाला.

तरीही 'मूळ भाषक' कोणाला म्हणायचे, हा प्रश्न उरतोच, आणि नोकरी शोधताना तो दर वळणावर आडवा येतो. दक्षिण कोरियात खासगी वर्गांमधून प्रौढांना इंग्रजी शिकवायचे तर ज्या व्हिसावर बहुतेक परदेशी शिक्षक जातात, तो सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीय शिक्षकांसाठी एक दार किलकिले ठेवले आहे, पण ते शाळांमधल्या सहायक शिक्षकांपुरते. यादीतल्या शेवटच्या देशाचे मला नवल वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही घरची भाषा सांगणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. आपल्याकडे त्याच वर्षीच्या जनगणनेत इंग्रजी मातृभाषा म्हणून नोंदवणारे सुमारे २ लाख ६० हजार लोक निघाले, म्हणजे एवढ्या मोठ्या देशात नगण्यच. त्यामुळे भारताला त्या यादीत घ्या, असे मी म्हणणार नाही. पण मग निकष भाषेचा आहे की पासपोर्टच्या रंगाचा, एवढे तरी स्वच्छ सांगावे. श्रीनगरात जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळे मांडली: आतले, जिथे ती घरची आहे, बाहेरचे, जिथे ती राज्यकर्त्यांबरोबर आली आणि कचेरीत, कोर्टात, महाविद्यालयात राहिली, आणि पसरत जाणारे, जिथे ती आता शिकली जात आहे. आपण दुसऱ्या वर्तुळात. नोकरीच्या बाजारात मधले वर्तुळच नाही. तिथे तुम्ही एक तर विकणारे असता, नाहीतर विकत घेणारे.

मी स्वतः इंग्रजीची मुळाक्षरे पाचवीत गिरवली. आमच्या वेळी तोच नियम होता. पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, तोपर्यंत माझी पाचवी मागे पडली होती. पहिले इंग्रजी वाक्य मी न अडखळता मोठ्याने बोलले ते बहुधा बारावीनंतर. त्यामुळे शिकणाऱ्याच्या घशात शब्द कुठे अडकतो, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. सेल्टा नावाचा प्रौढांना इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा अभ्यासक्रम मी पतसंस्थेचे कर्ज काढून केला; २०२० नंतर तो घरबसल्याही करता येऊ लागला, म्हणूनच जमले. किमान १२० तासांचा अभ्यास, आणि त्यात खऱ्याखुऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवण्याचे सहा तास, प्रत्येक तासावर परीक्षकाची नजर. जाहिरातींमध्ये चार पैशांत मिळणारी १२० तासांची इतरही प्रमाणपत्रे दिसतात. फरक त्या सहा तासांचा आहे. आमच्या गावात नेट टिकत नाही म्हणून मी आर्वीला ओळखीच्या एका कृषी केंद्राच्या माडीवर बसत असे. खाली खताची पोती, कीटकनाशकांचा तो उग्र, घशात उतरणारा वास, आणि वर मी, कानाला हेडफोन लावून, कुठल्या तरी दूरच्या देशातल्या बँक कारकुनाला काल केलेल्या कामाबद्दल बोलते करत आहे. 'समजले का?' हा प्रश्न वर्गात कधी विचारायचा नाही, हे मी तिथे शिकले. प्रौढ माणूस समजले नसले तरी हो म्हणतो. त्याऐवजी छोटे प्रश्न विचारायचे, ज्यांची उत्तरे समजल्याशिवाय देताच येत नाहीत.

व्हिएतनामच्या केंद्रासाठी नमुना-पाठही त्याच माडीवरून दिला. समोरच्या चौकोनांत तीन जण होते, त्यांतले दोघे केंद्राचेच कर्मचारी असावेत. तिसरी, हॉटेलात काम करणारी एक मध्यमवयीन बाई, खरोखरची विद्यार्थिनी वाटली. व्हिएतनामी बोलणारे इंग्रजी शब्दांच्या शेवटची व्यंजने बरेचदा गिळतात. तिचे 'नाइस' आणि 'नाइट' दोन्ही 'नाइ'वर येऊन थांबत. मी एक हात कॅमेऱ्यासमोर धरला, शब्दातल्या प्रत्येक ध्वनीला एक बोट, आणि शेवटचे बोट दाबून धरून तिच्याकडे बघत राहिले. काही न बोलता. तिने पुन्हा म्हटले, बोट तसेच. आणखी एकदा म्हटले, आणि तो शेवटचा 'स' आला, थोडा लांबलेला, शिट्टी मिसळलेला. ती स्वतःच दचकली आणि हसली. मीही हसले. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी पाठ संपल्यावर फार स्तुती केली. नंतर विचारले, विद्यार्थ्यांनी विचारलेच, तर तुम्ही सिंगापुरात वाढलात असे सांगायला तुमची हरकत असेल का? मी म्हटले, हरकत आहे. त्यांनी विषय वाढवला नाही. पुढच्या आठवड्यात तो तक्ता आला.

आता त्यांच्यावर तोंडसुख घेणे सोपे आहे. पण आमच्या तालुक्यात इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली की पालक पहिल्यांदा काय विचारतात? "मॅडम केरळच्या आहेत ना?" केरळच्या सिस्टर असलेल्या शाळेची फी दुप्पट असली तरी रांग तिथे लागते, आणि वर्धा जिल्ह्यातल्याच एखाद्या एम.ए. झालेल्या मुलीला शाळेत ठेवले की "इथल्याच आहेत काय?" असे जरा खालच्या आवाजात विचारले जाते. त्या आवाजाची पट्टी मला चांगली ओळखता येते. भाषा शिकवणाऱ्याने ती दुरून आणलेली असावी, अशी आपलीही समजूत आहे. हो ची मिन्ह शहरातला पालक काही वेगळे करत नाही. याउलट वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांच्या घरी मैथिली बोलतात, भोजपुरी बोलतात की अवधी, हे विचारण्याचे त्यांना कारणच पडत नाही. परदेशी शिकणाऱ्याला तो भेद ऐकूच येत नसावा. इंग्रजीच्या बाबतीतच सगळ्यांचे कान इतके तिखट होतात.

आखातातल्या विद्यापीठांच्या पूर्वतयारी वर्षाचे वर्ग हा आमच्यासाठी तुलनेने उघडा रस्ता. सौदी अरेबिया, ओमान इथे भारतीय प्राध्यापक वर्षानुवर्षे इंग्रजी शिकवत आले आहेत. विद्यार्थी अठरा-एकोणीसचे, म्हणजे प्रौढच. तिथे मी अडकले ते वेगळ्याच ठिकाणी. अर्जात 'पदव्युत्तर पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभव' असा रकाना होता. माझ्या महाविद्यालयाने दिलेल्या अनुभव-प्रमाणपत्रात 'तासिका तत्त्वावर' हे शब्द ठळक छापलेले आहेत, आणि ते काढता येत नाहीत, कारण ते खरे आहेत. फळ्यासमोर उभी राहून काढलेली एवढी वर्षे त्या दोन शब्दांनी अर्धवेळ झाली, म्हणजे त्या रकान्यापुरती शून्य झाली. इथला दुय्यम भाव तिथे प्रमाणपत्र बनून पोचतो, हे मात्र मला खरोखर नवे होते, आणि ते व्हिएतनामच्या तक्त्यापेक्षा जास्त लागले.

याच काळात मी एका निवृत्त सरांना भेटायला अमरावतीला गेले होते. ते इथिओपियातल्या एका विद्यापीठात इंग्रजी शिकवून आले आहेत. त्या देशाने भारतीय शिक्षकांना सम्राट हेले सेलासींच्या काळापासून बोलावले, आणि अलीकडे नवी विद्यापीठे निघाली तेव्हाही बरेच जण गेले. सरांना मी पगार, करार, राहण्याची सोय असे प्रश्न लिहून नेले होते. ते रमले घड्याळात. तिथे दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे स्थानिक दोन वाजता म्हणजे आपले सकाळचे आठ. पहिल्या दिवशी वेळापत्रकात दोनचा तास पाहून सर जेवून, वामकुक्षी घेऊन ऐटीत पोचले, तर वर्ग केव्हाच सुटलेला. वर्षाला तेरा महिने, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. "मी गेलो तेव्हा लेकाचा तरुण झालो," सर म्हणाले. मी विचारले, तुम्हाला कोणी मूळ भाषक आहात का, असे विचारले नाही? त्यांनी चष्मा पुसत बराच वेळ आठवून पाहिले. विचारले ते एवढेच, की तुम्ही शेक्सपिअर शिकवाल की व्याकरण. त्यांनी व्याकरण सांगितले, कारण ते जास्त लोकांना लागत होते.

एजंटांचे मी लवकर आटोपते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशात नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारची नोंदणी लागते, तो खरा आहे का हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून तो ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. नागपुरातल्या ज्या गृहस्थांना मी भेटले, त्यांनी याच्या कित्येक पट रक्कम सांगितली आणि वर सल्ला दिला की आधी पर्यटक व्हिसावर जा, परवान्याचे मग बघू. बाहेर बाकावर बसलेल्या मुलांना मी कायद्याचा आकडा सांगितला. त्यांतला एक उठून गेला, बाकीचे बसून राहिले. त्यांनाही ते ठाऊक असावे. पण कायद्यातल्या दराने न्यायला कोणी भेटत नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

गावात मी समाजमंदिरात संध्याकाळचा वर्ग घेते. फी नाही, हजेरी नाही. आयटीआय झालेले, आखातात जायला निघालेले पोट्टे, एक परिचारिका, अधूनमधून येणारी आशाताई. इथेही शिकवणे प्रौढांनाच आहे, आणि सेल्टातले सगळे इथे चालते, एक गोष्ट सोडून: तिथे कोणी कोणाला ओळखत नव्हते. इथे लहान भावासमोर मोठ्या भावाचे तोंड उघडत नाही, आणि सुनेचा उच्चार बरोबर आला की सासरची बाई पुढच्या दिवशी येत नाही. एक वीजतंत्री तीन आठवडे मागच्या भिंतीला टेकून गप्प बसला. मग एकदा सगळे गेल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला करारनामा काढला. त्याला इंग्रजी यायला नको होते. त्या कागदात जादा कामाचे पैसे लिहिले आहेत की नाहीत, तेवढे हवे होते. आम्ही दोघांनी ट्यूबलाइटखाली बसून प्रत्येक कलम वाचले. पैसे लिहिलेले नव्हते. 'कंपनीच्या नियमानुसार' असे लिहिले होते. तो तरीही गेला, पण जाण्याआधी ते नियम कुठे पाहायला मिळतील, हे विचारणारी इंग्रजीतली तीन वाक्ये पाठ करून गेला. माझ्या मते तो वर्ग यशस्वी झाला, आणि कुठल्याच अर्जाच्या रकान्यात तो लिहिता येत नाही.

त्याच्या वाक्यांतून मला माझे उत्तर सुचले. मी केंद्राला लिहिले की दोन गोष्टी कळवाव्यात: कामाचा परवाना आणि व्हिसा याची प्रक्रिया मी निघण्याआधी सुरू होऊन कागद हाती येईल का, आणि सहा महिन्यांच्या कामानंतर माझा दर शिकवण्याकडे पाहून वाढवता येईल का. पहिल्याला त्यांनी होकार दिला. दुसऱ्यावर 'धोरणाचा भाग' असे उत्तर आले. मी होकार कळवला. त्यात तत्त्वाचा विजय नव्हता आणि पराभवही नव्हता. पतसंस्थेचा हप्ता होता, आईचा मोतीबिंदू होता, आणि त्या हॉटेलातल्या बाईचा लांबलेला 'स' होता, जो ऐकून मला बऱ्याच दिवसांनी आपण या कामासाठी बऱ्या आहोत असे वाटले होते. समान दर मिळाल्याशिवाय जाऊ नये, असे एका मैत्रिणीचे म्हणणे आहे. ती कायम प्राध्यापक आहे. ती चूक नाही. तिला वाट पाहणे परवडते, एवढेच.

पुढे कागदांचा प्रवास सुरू झाला. पदवीची विद्यापीठाकडून पडताळणी, मग मुंबईला मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि नंतर देशागणिक बदलणारा शेवटचा शिक्का. ज्या देशांना अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचाच एक आंतरराष्ट्रीय शिक्का, चालतो तिथे थोडक्यात भागते, बाकीच्यांना दूतावासाची मोहर लागते. पोलीस पडताळणीचा अर्ज पासपोर्ट कार्यालयाकडून ठाण्यात आला तेव्हा हवालदारसाहेब पोलीस पाटलांना बरोबर घेऊन घरी आले. अंगणात बाज टाकली, आईने चहा ठेवला. शेजारच्या दोघांच्या साक्षी झाल्या, माझ्यावर गुन्हा नाही हे पोलीस पाटलांनी जरा जास्तच ठासून सांगितले. हवालदारसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "मॅडम, कायले चालल्या तिकडे?"

"इंग्रजी शिकवायला."

"म्हंजे त्या देशात इंग्रज जातच नाई काय, शिकवाले?"

"जातात ना. पण ते महाग पडतात."

"बराबर आहे," पोलीस पाटील मध्येच म्हणाले, आणि बशीत चहा ओतून घेतला. हवालदारसाहेबांनी कारणाच्या रकान्यात 'नोकरी' असे लिहिले आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.